चौकटीबाहेरचा पेला : खेड्यातील मिठाईच्या दुकानाच्या छायाचित्रांविषयी

१

कविता, कथा आणि आत्मकथन यांची चर्चा आपण पुष्कळ केली. प्रवासात काढलेल्या छायाचित्राची समीक्षा मात्र आपल्या नियतकालिकांतून क्वचितच झाली. याला कारण आहे. हौसेचा प्रवास आपल्या माणसांच्या वाट्याला फार उशिरा आला आणि कॅमेरा त्याहूनही उशिरा. आपला प्रवास म्हणजे गाव सोडणे, कामाच्या शोधात जाणे, मोर्चाला जाणे, दीक्षाभूमीला जाणे. वाटेत थांबून ‘काय सुंदर दृश्य आहे’ असे म्हणण्याची सवड त्यात नव्हती. आज मात्र माझ्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा हा प्रश्न आता आपलाही झाला आहे आणि त्याचा विचार आपणच केला पाहिजे.

निमित्त घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरातील एका कलादालनात ग्रामीण महाराष्ट्राच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. मी दहाबारा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. छायाचित्रकाराचे नाव येथे देत नाही. तो कसबी आहे, कष्टाळू आहे, आणि ज्या नजरेविषयी मी बोलणार आहे ती त्याच्या एकट्याची नाही. प्रदर्शनात खेड्यातील मिठाईच्या दुकानांची सात छायाचित्रे होती. त्यांतले एक सर्वांत मोठे करून दारासमोरच लावले होते. निळ्या रंगाची पोपडे धरलेली भिंत, काचेचे कपाट, त्यात पेढे, बालुशाही आणि गोडीशेव. पुढे पितळी परातीत जिलेबीचा ढीग आणि मागे कढईच्या धुरात अर्धवट विरघळलेला बनियनमधला माणूस. पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा नेमका परातीवर पडला होता. खाली एकच शब्द लिहिला होता : गोडवा.

लोक त्या छायाचित्रासमोर थांबत होते. अभिप्रायवहीत कुणी लिहिले होते, आजोळ आठवले. कुणी लिहिले होते, असा निर्मळ महाराष्ट्र आता उरला नाही. माझ्या विद्यार्थ्यांनाही ते छायाचित्र आवडले आणि मलाही आवडले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एवढेच नव्हे तर मनातून थोडा हेवा वाटला. कारण तसेच एक छायाचित्र दोन वर्षांपूर्वी मी स्वतः काढले होते, आणि त्या कवडशाची उणीव सोडली तर दोन्ही छायाचित्रांत फारसा फरक नव्हता.

या लेखात त्या दोन्ही छायाचित्रांचा विचार करायचा आहे. परंतु आधी माझ्या छायाचित्राची झडती घेतो. दुसऱ्याच्या कलेवर बोट ठेवण्यापूर्वी आपले हात दाखवावेत, हे बरे.

२

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक वृद्ध वारले. मातीला पोचता आले नव्हते म्हणून मामांना घेऊन बार्शीहून भूमकडे निघालो. मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी उभी हयात मास्तरकी केली. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा मुलूख कोरडवाहू आहे. शेती भरवशाची नाही म्हणून घरोघर जनावरे. दूध लांबच्या शहरात पोचेपर्यंत नासते, पण आटवले की टिकते. म्हणून इथे खव्याच्या भट्ट्या आल्या. म्हशीचे चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा पडतो. कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव सर्वदूर आहे ते याच धंद्यामुळे.

एका फाट्यावर जीप थांबली. समोर खव्या-पेढ्याचे दुकान होते. मामा जीपमधून उतरले, पण रस्त्याच्या कडेला लिंबाखालीच उभे राहिले. मी दुकानात गेलो. दुकानदार अगत्याचा माणूस होता. त्याने न मागता पेढा हातावर ठेवला आणि विचारले, “कुठले पाव्हणे?” मी गाव सांगितले. तो म्हणाला, “त्या गावात आमची सोयरीक आहे. आडनाव काय म्हणायचं?”

या प्रश्नाचा अनुभव नसलेला वाचक या नियतकालिकाला क्वचितच असेल. प्रश्न साधा असतो. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईटच असते असेही नाही. पण उत्तर देण्यापूर्वी जो अर्धा क्षण जातो त्यात आपली सारी हयात उभी राहते. मी त्या अर्ध्या क्षणात काय केले? खिशातून कॅमेरा काढला. म्हणालो, “काय झकास दुकान आहे हो तुमचं! एक फोटो घेऊ?” तो खूश झाला. बनियनवर सदरा चढवू लागला, तर मीच म्हणालो, राहू द्या, असेच छान दिसते. प्रश्न विरून गेला. मी आता पाहुणा नव्हतो, जातीचा कुणी नव्हतो. शहरातून आलेला फोटोवाला साहेब झालो होतो. त्याने मला गल्ल्यापाशी, कढईपाशी, हवे तिथे उभे राहू दिले. मी चार-पाच फोटो काढले. डाव्या बाजूला वळचणीखाली काही अडगळ होती, कागदी कपांचा खच होता, ती बाजू दृश्य बिघडवीत होती. ती मी कापून टाकली.

जीपमध्ये बसल्यावर मामांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा नीट केला, दोन बोटांनी चित्र मोठे केले, आणि पेढे, परात, कढई यांपैकी कशाकडेही न पाहता ते कडेकडेने काहीतरी शोधू लागले. मग विचारले, “तू उभा कुठं हुतास रे?”

मी म्हणालो, “आत. दुकानात.”

“उंबऱ्याच्या आत?”

“हो.”

“मंग हे तुझ्या जागेवरनं दिसतंय. माझ्या जागेवरनं ह्यातलं काहीच दिसत नव्हतं.”

आणि मग मामांनी सांगितले. साल १९५९. चौथीचा निकाल लागला होता. आजोबांनी चार आणे दिले आणि म्हणाले, पेढे आण. घरात नुकताच धम्म आला होता, भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र लागले होते, आणि पोरगा पास झाला म्हणून वाड्यात गोड वाटायचे होते. मामा दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले. चार आणे दगडावर ठेवायचे, दुकानदार त्यांवर पाणी शिंपडून ते उचलणार. पेढ्यांचा पुडा वरून सोडायचा, पोराने सदऱ्याच्या ओच्यात झेलायचा. एक पेढा मातीत पडला. मामांनी तो फुंकून ओच्यात टाकला. तहान लागली होती. पाणी मागितले तेव्हा ओंजळीत वरून धार धरली गेली. ज्यांना चहा प्यायचा असे त्यांच्यासाठी वळचणीच्या खिळ्याला कान तुटलेला एक कप अडकवलेला असे. पिऊन झाल्यावर तो आपणच विसळायचा आणि परत खिळ्याला लावायचा. मामा माझ्या छायाचित्राच्या कडांवर तो खिळा शोधत होते.

“हे दुकान ते नव्हे,” मामा म्हणाले. “ते कधीच पडलं. आन् ह्यो माणूस बी तसला नसंल. पर नदर सवयीनं तिथंच जाती.”

मी कापून टाकलेल्या बाजूला कागदी कपांचा खच होता हे मी त्यांना सांगितले. ते हसले. म्हणाले, “कागदी कप आला म्हणून सुटलं बघ. कुणाचा कुणी इसळायचा, ह्यो सवालच राह्यला नाय. कप फेकला की झालं. मन इसळायची येळच आली नाय कुणावर.”

३

मामांचा तो प्रश्न, ‘तू उभा कुठं हुतास’, मला छायाचित्राच्या समीक्षेतील पहिला प्रश्न वाटतो. चित्रात काय आहे हे आपण पाहतो. प्रकाश, रंग, रचना यांविषयी बोलतो. चित्र कुठे उभे राहून काढले, आणि त्या जागी उभे राहण्याचा अधिकार काढणाऱ्याला कुणी दिला, हे विचारीत नाही. प्रदर्शनातील सातही छायाचित्रे दुकानाच्या आतून किंवा अगदी गल्ल्यासमोरून काढलेली होती. छायाचित्रकाराला तिथे जाताना आपण काही विशेष करतो आहोत असे वाटले नसणार. ज्याला कधी कुणी अडवले नाही त्याला दार हे दार म्हणून दिसत नाही.

प्रवासी म्हणून पाहण्याचा हा अधिकार किती जणांना नव्हता, हे आपल्या इतिहासात लिहिलेले आहे. १९०१ साली लहानगे भीमराव घरच्या इतर मुलांसह वडिलांना भेटायला रेल्वेने निघाले. मसूर स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडीने रात्रभर प्रवास झाला. बरोबर फराळाचे होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही, आणि पाण्यावाचून ते अन्न पोटभर खाता आले नाही. १९३४ साली तेच बाबासाहेब, आता बॅरिस्टर आणि देशाचे नेते, आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले. म्हणजे नेमके पर्यटक म्हणूनच निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर त्यांनी धुळीने भरलेले हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून गोंधळ उडाला. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, पहारा बरोबर घेऊन, त्यांना किल्ला पाहावा लागला. हा किल्ला आमच्या शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दर रविवारी तिथे हजारो छायाचित्रे निघतात. १९३४ चा तो हौद त्यांतल्या एकात तरी असतो का?

दोन्ही प्रसंगांत पाणी आहे. मिठाईच्या दुकानाचा विचार करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. अन्नाच्या विटाळाचे आपल्याकडील शास्त्र मोठे हिशेबी आहे. पाण्यात शिजवलेले अन्न चटकन बाटते. दुधातले, तुपातले, तळलेले अन्न बाटत नाही किंवा कमी बाटते. म्हणून भात-भाकरी बाजारात विकत घेऊन न खाणारा सोवळ्यातला माणूसही हलवायाचा पेढा देवापुढे ठेवू शकत होता. खवा म्हणजे पाणी काढून टाकलेले दूध. त्यामुळे तो गावोगाव फिरू शकतो, कुणाच्याही भट्टीवर आटू शकतो, कुणाच्याही पैशाने विकला जाऊ शकतो. जातीने आणि बाजाराने एकमेकांशी केलेल्या तडजोडीचे ठिकाण म्हणजे मिठाईचे दुकान. वस्तू सर्वांना विकायची, कारण पैशाला विटाळ नाही. फार तर पाणी शिंपडले की झाले. पण वस्तूबरोबर जे फुकट मिळते ते सर्वांना द्यायचे नाही. फुकट काय मिळते? पेलाभर पाणी. बसायला बाकडे. ‘या, बसा’ हा शब्द.

छायाचित्रकार परातीचे चित्र काढतो तेव्हा तो त्या दुकानातील सर्वांत निर्धोक वस्तूचे चित्र काढत असतो. जिलेबीत जात दिसत नाही. ती दिसत असे पेल्यात, पायरीवर आणि बाकड्यावर. नेमक्या याच गोष्टी प्रदर्शनातील सातही चित्रांत नव्हत्या.

आपल्या राज्यघटनेने आणि कायद्याने मात्र त्या नेमक्या पाहिल्या होत्या. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले, दुकानात प्रवेश नाकारणे, उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर माल विकण्यास नकार देणे हाही गुन्हा ठरवला. मामांच्या ओच्यात पुडा पडला तेव्हा हा कायदा होऊन चार वर्षे झाली होती. पेढा त्यांना नाकारला नव्हता. वेळही तीच होती. ठिकाण पायरीखालचे होते आणि अटी वेगळ्या होत्या. कायद्याच्या मसुदाकाराला जे दिसले ते आपल्या सौंदर्यवादी छायाचित्रकाराला सत्तर वर्षांनंतरही दिसू नये, याचा अर्थ काय?

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) चहाच्या हॉटेलातील वेगळ्या कपबशीचा आणि त्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या पोरांचा प्रसंग आहे. ज्यांनी तो वाचला आहे त्यांना खेड्यातील हॉटेलाचे कोणतेही चित्र पूर्वीसारखे दिसणार नाही. साहित्याने हे काम केले. छायाचित्राने ते अजून पुरेसे केलेले नाही.

४

यावर काही आक्षेप येतील. ते माझ्या विद्यार्थ्यांनीच प्रदर्शनातून परतताना घेतले, म्हणून त्यांचा विचार येथे करतो.

पहिला आक्षेप असा : छायाचित्रात जे समोर आहे तेच येणार. खिळ्यावरचा कप आज तिथे नसेल तर तो कसा दिसावा? हे खरे आहे. माझ्या त्या दुकानातही तसा कप नव्हता, आणि दुकानदाराने मला कोणतीही वाईट वागणूक दिली नाही, हे मी येथे स्पष्ट नोंदवतो. परंतु समोर जे होते तेही आम्ही कुठे घेतले? धुरात उभा राहून तासन् तास कढईत उलथने फिरवणारा माणूस प्रदर्शनातील चित्रात ‘वातावरण’ म्हणून आला होता. त्याच्या धुराने कवडशाला आकार दिला, एवढेच त्याचे काम. त्या धुराने त्याच्या डोळ्यांचे काय होते, त्याला दिवसाची मजुरी किती, तो मालक की गडी, हे विचारले गेले नाही. मी स्वतः त्याला सदरा घालू दिला नाही! त्याला आपली प्रतिष्ठा राखून फोटोत यायचे होते, आणि मला त्याचे उघडे दंड हवे होते. कुणी माझ्या बापाचा असा फोटो काढला असता तर मी काय म्हटले असते?

आणि त्या परातीतील साखर? ज्या बीड-धाराशिवच्या रस्त्यांवर ही दुकाने आहेत, त्याच रस्त्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. त्यांत दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, भूमिहीन आहेत. याच पट्ट्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मी असे म्हणत नाही की जिलेबीच्या प्रत्येक चित्रात ऊसतोडणी दिसली पाहिजे. पण खाली एकच शब्द लिहायचा आणि तो ‘गोडवा’ लिहायचा, हे त्या बायकांच्या डोळ्यांदेखत कसे करता येईल?

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने माधुर्य हा काव्याचा एक गुण मानला. त्या शास्त्राच्या छायेत वाढलेली रसिकता आजही गोड ते सुंदर असे धरून चालते. खेड्याच्या बाबतीत तर हा गोडवा सक्तीचाच झाला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर प्रहार केला, त्याला आता पाऊण शतक उलटले. तरी शहरी रसिकाचे आजोळ काही हलत नाही. त्या आजोळाला गावकुसाबाहेरची बाजू नसते. लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हीच कलेची कसोटी मानण्याला विरोध केला आणि समता, स्वातंत्र्य, बंधुता या मूल्यांची कसोटी मांडली. ती कसोटी छायाचित्रालाही लावली पाहिजे.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो एका विद्यार्थिनीने घेतला. ती म्हणाली, “सर, आपण नेहमी जखमेचेच फोटो काढायचे का? मला जिलेबी आवडते. मला जिलेबीचा फोटो काढावासा वाटतो. तोही गुन्हा का?”

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. आपल्या चळवळीत वेदनेचे इतके ओझे आहे की आनंद व्यक्त करताना कुणी चोरी केल्यासारखा दबकतो. शिवाय दुःखाच्या छायाचित्रालाही आता बाजार आहे, आणि त्या बाजारात आपली माणसे पुन्हा विषयच होतात. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे काढली तेव्हा त्यांना देश हलवायचा होता. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे काम केले. त्या चित्रांमागे माणसांशी असलेले नाते आहे. पण घाईघाईने येऊन दैन्य टिपून नेणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा गोडव्याऐवजी कडवटपणा टिपा, असा साधा उपाय मला सुचवायचा नाही.

रघुवीर सिंग यांच्यासारख्या मोठ्या छायाचित्रकाराने रंग हा भारतीय नजरेचा स्वभावच आहे असे मत हिरिरीने मांडले आणि त्याला साजेसे अव्वल काम केले. मी त्यांना एवढेच विचारले असते की ही भारतीय नजर उंबऱ्याच्या आतली की बाहेरची? रंग पायरीखालूनही दिसतात. तिथून परातीची कड दिसते, दुकानदाराचे पाय दिसतात, वरून येणारा हात दिसतो. दहा वर्षांच्या पोराला त्या पुड्यातील पेढ्याचा पिवळा रंग नक्कीच दिसला होता. मातीत पडलेल्या पेढ्याचाही दिसला होता. तो रंग अजून कुणी टिपलेला नाही.

त्या विद्यार्थिनीला मी गंगाराम कांबळे यांची हकीकत सांगितली. कोल्हापूर संस्थानच्या सेवेत असलेल्या या अस्पृश्य माणसाला पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे हॉटेल उघडले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः आपला लवाजमा घेऊन तिथे थांबू लागले आणि सर्वांसमक्ष चहा मागवू लागले. महाराजांबरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. या घटनेत दुःख आहे, अपमान आहे, आणि गोडवाही आहे. तो गोडवा साखरेमुळे आलेला नाही. कुणी कुणाच्या हातून, कुठे उभे राहून, कुणाच्या देखत प्यायले, यातून तो आला. मी तिला म्हणालो, “जिलेबीचा फोटो जरूर काढ. पण ती कुणी कुणाला दिली, ते त्यात येऊ दे.”

५

आता पुन्हा माझ्या छायाचित्राकडे येतो. त्याचा खरा दोष वळचण कापण्यात नाही, हे लिहिता लिहिता मला कळले. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील नायक परगावी नोकरीवर जातो, जात न सांगता राहतो आणि शेवटी मार खातो. मला कुणी मारले नाही. मी खोली मागत नव्हतो, नोकरी मागत नव्हतो. मला फक्त एका भल्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे होते. मी शिकलेला, पगारदार, भाषणांतून स्वाभिमान शिकवणारा माणूस. पंचाहत्तरी ओलांडलेले मामा लिंबाखाली उभे होते आणि मी कॅमेऱ्याआड गेलो. कॅमेरा डोळ्याला लावला की माणूस जगाकडे पाहतो असे म्हणतात. त्या दिवशी जगाने माझ्याकडे पाहू नये म्हणून मी तो लावला होता. छायाचित्र इतके देखणे आले याचे कारणही तेच असावे. त्यात कुणीच कुणाला काही विचारत नाही.

मी उत्तर दिले असते तर काय झाले असते? कदाचित काहीच नाही. कदाचित त्याने मामांनाही आत बोलावून बाकड्यावर बसवले असते. कदाचित त्याचा चेहरा किंचित बदलला असता. यांतले जे काही झाले असते ते खरे झाले असते, आणि त्यानंतर काढलेले छायाचित्र हे त्या दुकानाचे आणि माझे खरे छायाचित्र ठरले असते. त्या माणसाला चांगले वागण्याची संधीसुद्धा मी दिली नाही. ही त्याच्यावरही झालेली एक वंचना आहे.

म्हणून कॅमेरा हाती घेणाऱ्या तरुण मित्रांना दोन-तीन गोष्टी सुचवतो. हे कलेचे नियम नव्हेत, शिस्तीच्या गोष्टी आहेत. फोटो काढण्यापूर्वी आपण कोण हे सांगा आणि समोरचा कोण हे विचारा. त्याला सदरा घालायचा असेल तर घालू द्या. दोन पावले मागे या. पायरी, बाकडे आणि पाण्याची जागा चौकटीत येते का पाहा. बरोबरचे माणूस बाहेर थांबले असेल तर ते का थांबले हे त्याला विचारा. आणि चित्राखाली एका शब्दाचा मथळा देऊ नका. ठिकाण, तारीख, काम, मजुरी, जे ठाऊक आहे ते लिहा. एवढ्याने चित्र कदाचित कमी देखणे होईल. ते होऊ द्या.

माझे छायाचित्र मी पुसून टाकलेले नाही. न कापलेली मूळ प्रत शोधली, ती छापून आणली आणि वर्गातील भिंतीवर लावली आहे. डाव्या बाजूला वळचण आहे, कागदी कपांचा खच आहे, आणि नीट पाहिले तर अगदी कडेला, रस्त्यापलीकडे, लिंबाखाली पाठमोरे उभे असलेले मामा आहेत. फोटो काढताना ते मला दिसले नव्हते.

खाली मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे : ‘खव्याचे दुकान, भूम तालुका. कढईवरील माणसाची मजुरी विचारली नाही. दुकानदाराने छायाचित्रकाराचे आडनाव विचारले. छायाचित्रकाराने सांगितले नाही.’